भुशाला वाट करून द्या : घरच्या सुतारकामात धूळ ओढणारे यंत्र कसे बसवावे



सुतारकाम हा आपल्याकडे मानाचा धंदा आहे. प्रभू येशूला गावचे लोक सुताराचा मुलगा म्हणून ओळखत, आणि ख्रिस्तसभा १ मे हा दिवस श्रमिक संत योसेफाचा सण म्हणून पाळते. पोप बारावे पायस यांनी १९५५ साली हा सण सुरू केला. त्या दिवशी आपण हत्यारांना आशीर्वाद देतो, हे योग्यच आहे. परंतु हत्यार धरणाऱ्या माणसाच्या छातीची काळजी कोणी घ्यायची? ती ज्याची त्याने आणि त्याच्या घरच्यांनीच घ्यावी लागते. म्हणून या महिन्यात शेती व आरोग्याच्या पानावर लाकडाच्या धुळीविषयी लिहीत आहे.

पूर्वी करवत आणि रंधा हाताने चालत. त्यातून जाड भुसा व ढलप्या निघत आणि पायाशी पडत. आता परसातल्या दहा बाय बाराच्या खोपटातही विजेचा कटर, रंधा मशीन, राउटर आणि घासायचे सँडर आले आहे. काम दहापट झाले, आणि धूळही तितकीच वाढली. बेळगाव-खानापूर भागात पुष्कळ ठिकाणी असा कारखाना म्हणजे घराचीच पडवी असते. भिंतीच्या पलीकडे चूल असते, पाळणा असतो, दमेकरी म्हातारी असते. तेव्हा हा प्रश्न एकट्या सुताराचा नसून सगळ्या घराचा आहे.

भुसा वेगळा, पीठ वेगळे

लाकूड कापताना तीन प्रकारचा माल निघतो. रंध्याच्या ढलप्या, करवतीचा भुसा, आणि पिठासारखी बारीक धूळ. पहिले दोन डोळ्यांना दिसतात व जमिनीवर पडतात. त्यांचा त्रास झाडण्यापुरता. खरा शत्रू तिसरा.

धुळीचा कण मायक्रॉनमध्ये मोजतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो. दहा मायक्रॉनहून मोठे कण बहुतेक नाकात व घशात अडकतात. त्याहून बारीक असतात ते खाली श्वासनळ्यांत जातात, आणि अगदी बारीक कण फुप्फुसाच्या टोकापर्यंत पोचतात.

हे बारीक कण हवेत किती वेळ राहतात, तेही पाहा. वारा नसलेल्या खोलीत दहा मायक्रॉनचा कण माणसाच्या उंचीवरून जमिनीवर यायला सुमारे दहा मिनिटे घेतो. एक मायक्रॉनच्या कणाला त्याच प्रवासाला पंधरा-सोळा तास लागतात. म्हणजे संध्याकाळी सहाला काम थांबवले तरी रात्री त्या खोलीत झोपणारे मूल दिवसभराची धूळ श्वासाबरोबर घेतच असते. रात्री दिवे मालवून एका कोपऱ्यातून बॅटरीचा झोत टाकून पाहावा. त्या झोतात जे तरंगताना दिसते ते आपल्या छातीत जाते. त्याहूनही बारीक कण झोतातसुद्धा दिसत नाहीत.

धूळ काय करते

पहिला त्रास नाकाचा व डोळ्यांचा. शिंका, पाणी, नाक चोंदणे. दुसरा कातडीचा. साग आणि शिसवी ही आपली मोलाची लाकडे, पण दोन्हींत असे नैसर्गिक रस आहेत की काही माणसांच्या अंगाला त्यांनी खाज सुटते, पुरळ उठते. आंब्याचे झाड बिब्ब्याच्या कुळातले, म्हणून त्याच्या लाकडानेही काहींच्या कातडीला त्रास होतो. तिसरा त्रास दम्याचा. एकदा का शरीराला एखाद्या लाकडाचे वावडे झाले, की पुढे त्याची थोडीशी धूळही पुरते.

चौथा आजार सावकाश येणारा आहे. इंग्लंडमध्ये हाय विकम हे खुर्च्या-टेबलांच्या धंद्याचे गाव. तेथे काम करणाऱ्या डॉ. हॅडफील्ड यांच्या लक्षात आले की, नाकाच्या पोकळीतला एरवी फार क्वचित आढळणारा एक कर्करोग फर्निचर करणाऱ्यांमध्ये पुन्हा पुन्हा दिसतो आहे. त्यावरचा अभ्यास १९६८ साली ब्रिटिश मेडिकल जर्नल या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पुढे इतर देशांतही तेच दिसले. १९९५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीला माणसात निश्चित कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले. हा रोग होणारे लोक थोडे, आणि तो यायला बहुधा अनेक वर्षांची धूळ लागते. तेव्हा कोणी घाबरून धंदा सोडू नये. परंतु वीस वर्षांच्या मुलाने आज हे ऐकले तर त्याचा उपयोग साठाव्या वर्षी होईल.

प्लायवूड, पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफ यांचा आणखी एक मुद्दा आहे. त्यांच्या सरसात बहुधा फॉर्मल्डिहाइड असते. तेही त्याच पहिल्या गटात आहे. एमडीएफ कापताना निघणारी धूळ तर मैद्यासारखी असते.

किती धूळ चालेल? ब्रिटनमध्ये २०२० पासून कठीण लाकडाच्या धुळीची मर्यादा आठ तासांच्या कामात सरासरी घनमीटरला ३ मिलिग्रॅम आहे. दहा बाय बाराच्या, दहा फूट उंच खोलीत सुमारे ३४ घनमीटर हवा मावते. हिशेब केला तर सगळ्या खोलीत मिळून एक ग्रॅमचा दहावा भाग. चिमूटभर मिठाहूनही कमी! सँडर एकदा फिरवला की एवढी धूळ सहज उडते. म्हणून केवळ खिडकी उघडी ठेवून भागत नाही. धूळ उडण्याआधीच तिला पकडावे लागते.

मेणबत्तीचा धडा

यंत्र विकत घेण्यापूर्वी एक लहानसा प्रयोग घरी करावा. पेटती मेणबत्ती हातभर अंतरावर ठेवून फुंकर मारा, ती विझते. आता त्याच अंतरावरून तोंडाने हवा आत ओढा. ज्योत हलतसुद्धा नाही. फुंकर दूर जाते, ओढ दूर जात नाही.

धूळ ओढणाऱ्या यंत्राचा सगळा धडा यात आहे. नळाच्या तोंडाशी जो वाऱ्याचा वेग असतो, तो नळाच्या एका रुंदीइतक्या अंतरावर साधारण दहाव्या हिश्श्यावर येतो. चार इंची नळ असेल तर चार इंचांवरच त्याचा जोर संपतो. म्हणून कोपऱ्यात मोठे यंत्र लावून नळाचे तोंड कटरपासून दोन फुटांवर टांगून ठेवणे म्हणजे पैसे वाया घालवणे आहे. नळाचे तोंड धूळ निघते त्या जागीच हवे.

दोन जातीची यंत्रे

बाजारात धूळ ओढणारी दोन प्रकारची यंत्रे मिळतात. त्यांची गल्लत करू नये.

पहिला प्रकार म्हणजे व्हॅक्यूम क्लीनर. याचा नळ दीड-दोन इंची, ओढ जबर, पण हवा थोडी. मिनिटाला शंभर-दीडशे घनफूट. सँडर, राउटर, हातातले कटर अशा हत्यारांना धूळ निघण्याचे बारीक तोंड असते. त्याला हा नळ जोडावा. तेथे हा उत्तम काम करतो.

दुसरा प्रकार म्हणजे डस्ट कलेक्टर. याचा नळ चार ते सहा इंची, ओढ बेताची, पण हवा पुष्कळ. टेबलाचा कटर व रंधा मशीन यांतून एका वेळी खूप माल निघतो. तेथे हाच लागतो. एकावेळी एकच मशीन चालणार असेल आणि नळ आखूड असेल तर १ अश्वशक्तीचा चालतो. सहा इंची नळ घालायचा असेल तर निदान २ अश्वशक्ती हवी. यंत्रावर छापलेला हवेचा आकडा बहुधा नळ व पिशवी न लावता काढलेला असतो. प्रत्यक्षात तो बरेचदा निम्म्यावर येतो. विकत घेताना हे ध्यानात ठेवावे.

ज्याला विकतचे परवडत नाही त्याने बेळगावसारख्या गावात निराश होण्याचे कारण नाही. उद्यमबागेत ओतकाम व लोखंडकाम करणारे कारागीर आहेत. चांगला ब्लोअर तेथे करून मिळू शकतो. मात्र पाते समतोल करून घ्यावे, नाहीतर ते थरथरते आणि बेअरिंग जाते. थ्री फेजची मोटार असेल तर फिरण्याची दिशा तपासावी. हा पंखा उलटा फिरला तरी हवा त्याच बाजूने जाते, पण ओढ फार कमी होते. त्यामुळे चूक पटकन लक्षात येत नाही.

उफणणीचे पिंप

शेतकरी खळ्यावर धान्य उफणतो तेव्हा काय होते? दाणे जड, ते खाली पडतात. भूस हलके, ते वाऱ्याबरोबर जाते. डस्ट कलेक्टरच्या आधी जे पिंप बसवतात ते हेच काम करते.

एक झाकणाचे पिंप घ्यावे. झाकणाच्या कडेला एक नळ असा तिरका घालावा की हवा आत शिरताच पिंपाच्या गोल भिंतीला लागून गरगर फिरेल. झाकणाच्या मधोमध दुसरा नळ घालून तो ब्लोअरला जोडावा. हवा फिरू लागली की जड भुसा भिंतीकडे फेकला जातो व घसरत तळाशी पडतो. मधून वर जाणाऱ्या हवेत फक्त बारीक धूळ उरते. झाकणाखाली चार-सहा इंचांवर प्लायवूडची एक गोल फळी बसवावी. तिच्या कडेने भिंतीशी सुमारे एक इंचाची फट ठेवावी, पण नळ आत येतो तेवढ्या बाजूची कड पिंपाला चिकटून असावी. भुसा त्या फटीतून खाली जातो आणि पुन्हा वर उडत नाही.

यात तीन गोष्टी सांभाळाव्यात. पहिली, पिंप हवाबंद हवे. झाकणाला रबराची पट्टी लावावी. तळाला एवढेसे भोक असले तरी तेथून हवा वर उसळते व पडलेला भुसा उचलून नेते. दुसरी, पिंप पत्र्याचे घ्यावे. पातळ प्लास्टिकचे पिंप नळ तुंबल्यावर आत चेपते. तिसरी, पिंप दोन तृतीयांश भरण्याआधी रिकामे करावे. भरून वाहू लागले की सगळा भुसा पुढे पिशवीत जातो आणि पिंप बसवल्याचा काही उपयोग राहत नाही.

नळ कसे घालावेत

भुसा नळात खाली न बसता वाहत राहावा यासाठी हवेचा वेग मिनिटाला सुमारे ४००० फूट लागतो. या वेगाने चार इंची नळातून मिनिटाला ३५० घनफूट हवा जाते, तर सहा इंची नळातून सुमारे ७८५. सहा इंची नळाचे तोंड चार इंचीच्या सव्वादोन पट असते, म्हणून हा फरक. टेबलाच्या कटरला ३५० घनफुटांत भुसा निघून जातो, पण बारीक धूळ मागे राहते. धूळ पकडायची तर आठशेच्या आसपास लागते. तेव्हा ब्लोअर पुरेसा असेल तर नळ मोठा घ्यावा. ब्लोअर लहान असताना नळ मोठा घेतला तर वेग पडतो आणि भुसा नळात साचतो. दोघांचा मेळ हवा.

शेतीच्या पाइपलाइनसाठी जे पीव्हीसीचे ११० व १६० मिलिमीटरचे नळ मिळतात, तेच या कामाला चालतात. ते घालताना पुढील नियम पाळावेत.

१. नळ आखूड व सरळ ठेवावेत. यंत्र कटरजवळ ठेवावे, खोलीच्या दुसऱ्या टोकाला नाही.

२. काटकोनी वळण टाळावे. ४५ अंशांचे दोन तुकडे मध्ये थोडा सरळ नळ ठेवून जोडावेत. शाखा फोडताना टी ऐवजी तिरका वाय घ्यावा, आणि त्याचा काटा हवा जाते त्या दिशेला असावा.

३. वेटोळ्यांचा लवचिक नळ हवेला फार अडवतो. मशीन हलवण्यापुरता दोन-तीन फूटच वापरावा.

४. दोन-तीन मशीन असतील तर प्रत्येक शाखेला सरकते झाकण बसवावे आणि चालू मशीनचेच उघडे ठेवावे. लाकडाच्या दोन पट्ट्यांमध्ये सरकणारी पत्र्याची चकती पुरते.

५. सांधे सरसाने कायमचे चिकटवू नयेत. टेप लावून एखाददुसरा स्क्रू मारावा. कधीतरी नळ तुंबणारच. तो उघडता आला पाहिजे.

मशीनजवळचे तोंड

टेबलाचा कटर बहुधा खालून उघडा असतो. त्याच्या खालचा भाग प्लायवूडने बंद करावा, तळ उताराचा करावा व उताराच्या टोकाला नळ लावावा. बाकीच्या फटी बुजवाव्यात, पण सगळ्या नाही. हवा आत शिरायला थोडी जागा लागतेच. पात्याच्या वर जी धूळ उडते ती खालून पकडली जात नाही. त्यासाठी पात्यावरच्या संरक्षक झाकणालाच अडीच इंची नळ जोडावा. त्याने बोटेही वाचतात.

रंधा मशीनला ढलप्या जातात त्या बाजूला पूर्ण रुंदीची पत्र्याची शेगडीसारखी पेटी करून नळ लावावा. हाताच्या सँडरसाठी एक भोकांचे टेबल करावे. वरची फळी भोके पाडलेली, खाली बंद पेटी, पेटीला नळ. काम त्यावर ठेवून घासले की धूळ खालीच ओढली जाते. लेथवरचे काम असेल तर कामाच्या मागे अगदी जवळ रुंद तोंडाची पेटी ठेवावी, कारण लेथवर पॉलिश पेपर लावताना निघणारी धूळ सर्वांत बारीक असते.

ओढ बरोबर आहे का हे पाहण्यासाठी हातभर दोरा काठीला बांधून तोंडाजवळ धरावा. दोरा जेथे ताठ ओढला जातो तेथवर पकड आहे असे समजावे. यासाठी उदबत्ती वापरू नये. तिची ठिणगी भुशात गेली तर काय होईल हे सांगायला नको.

पिशवी की बाहेरचा वारा

आता बारीक धुळीचे काय करायचे? स्वस्त यंत्राबरोबर येणारी कापडी पिशवी ३० मायक्रॉनच्या आसपासची असते. ती भुसा अडवते आणि जी धूळ छातीत जाते नेमकी तीच बाहेर सोडते. असे यंत्र खोलीत ठेवले तर खोली स्वच्छ दिसते व हवा आधीपेक्षा वाईट होते. यंत्र खोलीतच ठेवायचे असेल तर १ मायक्रॉनपर्यंत गाळणारी पिशवी किंवा घड्यांची गाळणी घ्यावी. तिचे क्षेत्रफळही पुरेसे हवे. मिनिटाला दर १० घनफूट हवेमागे निदान १ चौरस फूट कापड, हा हिशेब ठेवावा.

थंड देशांत खोली गरम ठेवावी लागते म्हणून तेथील लोक हवा गाळून पुन्हा आत घेतात. आपल्याला ती अडचण नाही. पिंपातून भुसा वेगळा केल्यावर उरलेली हवा भिंतीबाहेर सोडणे हा आपल्याकडे सर्वांत स्वस्त उपाय. दहा बाय बाराच्या खोलीत १२०० घनफूट हवा असते. मिनिटाला ८०० घनफूट बाहेर गेली तर दीड मिनिटात खोलीभर हवा बदलण्याइतकी ती होते. म्हणून काम संपल्यावरही यंत्र दहा-पंधरा मिनिटे चालू ठेवावे.

मात्र बाहेर सोडायचे म्हणजे शेजाऱ्याच्या दारात सोडायचे नव्हे. दुसऱ्याच्या खिडकीकडे, वाळत घातलेल्या कपड्यांकडे, विहिरीकडे किंवा गोठ्याकडे तोंड करू नये. गावात घरे दाटीची असतील तर बाहेर सोडण्याचा विचार सोडून चांगली गाळणी घ्यावी. शेजारधर्म आपल्या सोयीच्या आधी येतो. नळाच्या बाहेरच्या टोकाला पावसाचे छत्र बसवावे. आणि जेवढी हवा बाहेर जाते तेवढी आत यायला समोरची खिडकी उघडी हवी. खिडक्या बंद असतील व घरात चूल पेटलेली असेल तर यंत्र चुलीचा धूर उलटा घरात ओढते.

वीज आणि आग

२ अश्वशक्तीची एकफेज मोटार चालताना दहा अँपिअरच्या आसपास वीज घेते आणि सुरू होताना त्याच्या कितीतरी पट. तेवढ्याच ताकदीचा कटर त्याबरोबर चालणार. म्हणून दोघांना वेगवेगळ्या तारा व वेगवेगळे एमसीबी हवेत, आणि अर्थिंग खरेखुरे हवे. घरातल्या दिव्यांच्या तारेवर हे काम करू नये. परवाना असलेल्या वायरमनकडूनच जोडणी करून घ्यावी.

प्लास्टिकच्या नळातून कोरडा भुसा धावला की नळावर स्थिर वीज साचते. हात लागला तर झटका बसतो, आणि कटरजवळ दचकणे धोक्याचे. नळाला उघडी तांब्याची तार गुंडाळून ती मशीनच्या सांगाड्याला व अर्थिंगला जोडावी.

बारीक लाकडी धूळ हवेत दाट पसरली व तिला ठिणगी मिळाली तर ती स्फोटासारखी पेटते. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात २० जानेवारी २०१२ रोजी बर्न्स लेक येथील व २३ एप्रिल २०१२ रोजी प्रिन्स जॉर्ज येथील लाकूड गिरणीत असे स्फोट झाले. प्रत्येक ठिकाणी दोन कामगार मरण पावले. त्या गिरण्या मोठ्या होत्या. घरच्या कारखान्यात स्फोटापेक्षा धुमसणाऱ्या आगीची भीती अधिक. जुन्या लाकडातला खिळा पात्याला लागतो, ठिणगी पिंपात जाते, आणि रात्री सगळे झोपल्यावर भुसा पेट घेतो. म्हणून जुने लाकूड खिळे काढूनच कापावे. लोखंड घासायच्या ग्राइंडरला हा नळ कधीही जोडू नये. विडी-सिगारेट बाहेर. रोज काम संपल्यावर पिंप घराबाहेर रिकामे करावे. जवसाच्या तेलाने पॉलिश केलेल्या चिंध्या आपोआप तापून पेटतात. त्या भुशात टाकू नयेत. पाण्यात बुडवून किंवा उघड्यावर पसरून वाळवाव्यात.

मास्क आणि झाडलोट

यंत्र बसवले म्हणून मास्क सुटत नाही. पिंप रिकामे करताना, पिशवी झटकताना आणि एमडीएफ कापताना एन-९५ जातीचा मास्क लावावा. तोंडाला बांधलेला रुमाल बारीक धूळ अडवत नाही. दाढी वाढलेली असेल तर मास्क कडेने बसत नाही, हेही ध्यानात घ्यावे.

कोरड्या केरसुणीने झाडू नये, आणि हवेच्या नळीने कपडे झटकू नयेत. ओल्या फडक्याने पुसावे किंवा व्हॅक्यूमने ओढावे. बहुतेक घरांत कारखाना झाडण्याचे काम बायका-मुलींकडे असते. ज्याने धूळ केली त्याने ती आवरावी, निदान झाडणाऱ्या बाईला मास्क तरी द्यावा. कामाचा सदरा बाहेरच काढून, हातपाय धुऊन मग लेकराला उचलावे.

भुशाचे काय करावे

साध्या लाकडाचा भुसा शेताला उपयोगी आहे, पण ताजा भुसा वाफ्यात मिसळू नये. त्यात कर्ब फार आणि नत्र अगदी थोडे असते. तो कुजताना जमिनीतले नत्र खातो व पिके पिवळी पडतात. गोठ्यात जनावरांखाली अंथरावा. शेण-मूत्र मिसळलेला तो भुसा उकिरड्यात नीट कुजू द्यावा आणि मगच शेतात टाकावा. कोंबड्यांखाली जाड भुसा किंवा ढलप्या चालतात. पिठासारखी धूळ नको, तिने कोंबड्यांचीही छाती भरते. प्लायवूड, एमडीएफ, रंग दिलेले किंवा वाळवीचे औषध मारलेले लाकूड यांचा भुसा मात्र शेतात, गोठ्यात किंवा चुलीत कोठेच जाऊ देऊ नये. पहिल्यापासूनच त्याचे पिंप वेगळे ठेवावे.

पैसे थोडे असतील तर

सगळे एकदम होत नाही. तेव्हा क्रम असा ठेवावा. आज : घासण्याचे काम बाहेर झाडाखाली, वाऱ्याकडे पाठ करून करावे, चांगला मास्क घ्यावा, झोपण्याची खोली व कारखाना यांतले दार बंद ठेवावे. पुढे : हातहत्यारांना व्हॅक्यूम क्लीनर व मध्ये लहान पिंप. त्यानंतर : टेबलाचा कटर खालून बंद करून डस्ट कलेक्टर व बाहेर जाणारा नळ. दोघे-तिघे सुतार जवळजवळ राहत असतील तर त्यांनी एक रंधा मशीन व एक डस्ट कलेक्टर सामाईक घेण्याचा विचार करावा.

डॉक्टरांकडे केव्हा जावे

खोकला किंवा दम रविवारी, सुट्टीच्या दिवशी कमी होतो आणि सोमवारी काम सुरू केल्यावर वाढतो, असे असेल तर तो कामाचा आजार समजून डॉक्टरांना दाखवावे. नाकाची एकच बाजू कित्येक आठवडे चोंदलेली राहणे, किंवा एकाच बाजूने वारंवार रक्त येणे, याकडे सर्दी म्हणून दुर्लक्ष करू नये. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना गाठावे. आणि कोणत्याही डॉक्टरांकडे गेलात तरी पहिले वाक्य हे बोला : मी इतकी वर्षे सुतारकाम करतो. पुष्कळदा डॉक्टर विचारायचे विसरतात आणि आपण सांगायचे विसरतो.

प्रभूने कुसळ आणि मुसळ यांचा दृष्टांत दिला, तो सुताराच्या घरात वाढलेल्याला सहज सुचण्यासारखा आहे. लाकडाच्या धुळीत मात्र मुसळापेक्षा कुसळच अधिक घात करते, कारण ते दिसत नाही. दिसत नाही त्याची काळजी आधीच घेणे, हा कुटुंबावरच्या प्रेमाचाच एक भाग आहे. संत योसेफ आपल्या सर्व कारागिरांना व त्यांच्या घरादाराला सांभाळो.